विश्लेषण : माओंची जगाला पहिली ओळख अमेरिकी पत्रकाराने कशी करून दिली? एडगर स्नो यांना काय दिसले, काय निसटले?

डोक्यावर लाल ताऱ्याची टोपी, किंचित कृश चेहरा आणि दूरवर रोखलेली नजर. माओ त्से-तुंग यांचे १९३६ मधील हे छायाचित्र चीनमध्ये आजही पाठ्यपुस्तकांपासून संग्रहालयांपर्यंत सर्वत्र दिसते. गंमत अशी की, त्या छायाचित्रातील टोपी माओंची नाही. ती छायाचित्र काढणाऱ्या ३१ वर्षांच्या अमेरिकी पत्रकाराची होती. माओंचे केस वाढलेले, विस्कटलेले होते. म्हणून त्याने लाल सेनेकडून मिळालेली स्वतःची टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि कॅमेऱ्याची कळ दाबली.

या पत्रकाराचे नाव एडगर स्नो. चिनी क्रांतीचा चेहरा जगाने पहिल्यांदा पाहिला तो स्नो यांच्या नजरेतून. इतकेच नव्हे, तर लाखो चिनी नागरिकांनाही माओ नावाच्या माणसाची सविस्तर ओळख त्यांच्याच पुस्तकामुळे झाली. मात्र हाच पत्रकार २४ वर्षांनी पुन्हा चीनमध्ये गेला तेव्हा त्या शतकातील सर्वांत मोठा दुष्काळ त्याच्या नजरेतून निसटला. एका देशाच्या क्रांतीची प्रतिमा परदेशी पत्रकार कशी घडवतो, आणि ती घडवताना तो स्वतः कसा घडत जातो, हे समजून घेण्यासाठी स्नो यांचे आयुष्य पाहणे उपयुक्त ठरते.

एडगर स्नो कोण होते?

एडगर स्नो यांचा जन्म १९ जुलै १९०५ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत झाला. मिसुरी विद्यापीठात त्यांनी पत्रकारितेचे शिक्षण घेतले, पण पदवी पूर्ण केली नाही. न्यूयॉर्कला जाऊन ते जाहिरात क्षेत्रात काम करू लागले. शेअर बाजारातून थोडे पैसे हाती आल्यावर १९२८ मध्ये त्यांनी जगप्रवासाला निघायचे ठरवले. हवाईहून जपानला जाताना ते जहाजात लपून बसले आणि फुकट प्रवास केला. या प्रसंगावर त्यांनी नंतर लेखही लिहिला.

त्याच वर्षी ते शांघायला पोहोचले. मुक्काम सहा आठवड्यांचा ठरला होता, प्रत्यक्षात तो १३ वर्षांचा झाला. तेथील ‘चायना वीकली रिव्ह्यू’ या इंग्रजी साप्ताहिकाचे संपादक जे. बी. पॉवेल हेही मिसुरीचेच. त्यांनी स्नो यांना नोकरी दिली.

स्नो तेव्हा कोणत्याही विचारसरणीचे नव्हते. त्यांना बदलले ते १९२९ मधील एका दौऱ्याने. वायव्य चीनमध्ये तेव्हा भीषण दुष्काळ होता. सारात्सी या गावात त्यांनी रस्त्याच्या कडेला पडलेली प्रेते आणि झाडांची साल खाणारी माणसे पाहिली. त्याच वेळी सावकार आणि व्यापाऱ्यांकडे धान्य शिल्लक होते. लाखो माणसे मेली, पण जगातील वृत्तपत्रांत त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. या देशात मोठी उलथापालथ अटळ आहे, असे स्नो यांना तेव्हापासून वाटू लागले. हा दुष्काळ लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे तोच त्यांच्या सर्वांत मोठ्या चुकीचे कारण ठरला.

१९३१ मध्ये ते भारतातही आले होते. महात्मा गांधी आणि पंडित नेहरू यांच्या भेटी त्यांनी घेतल्या. १९३२ च्या नाताळात हेलन फोस्टर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढील वर्षी दोघे पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, राहायला गेले. तेथील येंचिंग विद्यापीठात स्नो शिकवत. १९३५ च्या डिसेंबरमध्ये जपानी आक्रमणाविरोधात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा आंदोलनातील अनेक तरुणांचे या दाम्पत्याच्या घरी जाणे-येणे होते.

१९३६ मध्ये चीनमध्ये काय सुरू होते?

चीनवर तेव्हा चँग कै-शेक यांच्या राष्ट्रवादी पक्षाचे सरकार होते. राजधानी नानकिंग. मंचुरिया १९३१ पासून जपानच्या ताब्यात होता आणि जपानचा डोळा उर्वरित चीनवर होता. चँग मात्र जपानआधी कम्युनिस्टांचा बंदोबस्त करण्याच्या मताचे होते.

सरकारी फौजांच्या वेढ्यातून निसटण्यासाठी कम्युनिस्टांनी ऑक्टोबर १९३४ मध्ये दक्षिणेतील जियांग्शी सोडले. डोंगर, नद्या, दलदली पार करत ते वर्षभराने वायव्येकडील शान्शी प्रांतात पोहोचले. हाच तो ‘लाँग मार्च’. निघताना सुमारे ८६ हजार असलेल्यांपैकी १० हजारांहूनही कमी जण मुक्कामी पोहोचले.

सरकारच्या लेखी हे सगळे लाल डाकू होते. त्यांच्या प्रदेशाला लष्करी आणि वृत्तबंदीचा दुहेरी वेढा होता. माओंच्या शिरावर अडीच लाख चांदीच्या डॉलरचे इनाम होते आणि त्यांच्या मृत्यूच्या बातम्या अधूनमधून छापून येत. हे लोक कोण आहेत, त्यांना काय हवे आहे, ते जपानशी लढणार आहेत का, या साध्या प्रश्नांची उत्तरे बाहेर कोणाकडेही नव्हती.

स्नो माओंपर्यंत पोहोचले कसे?

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. स्नो स्वतः धडपडत तेथे गेले हे खरे, पण त्यांना बोलावण्यात आले होते हेही तितकेच खरे. कम्युनिस्टांना आपली बाजू जगासमोर मांडू शकेल असा परदेशी पत्रकार हवा होता. तो पक्षाचा सदस्य नसावा, कारण मग त्याच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. तो नामांकित नियतकालिकांत लिहिणारा असावा. आणि तो अमेरिकी असल्यास उत्तम, कारण परदेशी नागरिकाला हात लावताना सरकार दहा वेळा विचार करत असे. स्नो या सगळ्या अटींत बसत होते. चिनी प्रजासत्ताकाचे जनक सुन यत-सेन यांच्या पत्नी सूंग चिंग-लिंग यांनी मध्यस्थी केली.

जून १९३६ मध्ये स्नो पेकिंगहून रेल्वेने शिआनकडे निघाले. देवी, विषमज्वर, पटकी, प्लेग अशा रोगांवरच्या लसी एकाच वेळी टोचून घेतल्याने अंग ठणकत होते. खिशात माओंच्या नावे अदृश्य शाईने लिहिलेले पत्र होते. सोबत जॉर्ज हातेम हे लेबनीज वंशाचे तरुण अमेरिकी डॉक्टर होते. हातेम पुढे आयुष्यभर चीनमध्येच राहिले. त्यांच्या विनंतीवरून स्नो यांनी पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत त्यांचा उल्लेखही केला नाही.

शिआनमध्ये एका पाद्र्याच्या वेषातील कम्युनिस्ट हस्तकाने पुढची सोय केली. जुलैमध्ये स्नो यांनी सीमा ओलांडली. काही दिवसांतच दाढीवाल्या एका अधिकाऱ्याने त्यांचे इंग्रजीत स्वागत केले. हे चौ एन-लाय. त्यांनी स्नो यांच्यासाठी ९२ दिवसांच्या दौऱ्याचे वेळापत्रकच तयार करून दिले. कुठे जायचे, कोणाला भेटायचे, किती दिवस थांबायचे, सगळे त्यात होते.

माओंची मुलाखत कशी झाली?

माओ तेव्हा बाओआन या छोट्या गावात डोंगरात कोरलेल्या गुहेत राहत होते. मुलाखती रात्री होत आणि उत्तररात्रीपर्यंत चालत. स्नो यांना कामचलाऊ चिनी येत असे, पण असे संभाषण पेलण्याइतके नाही. वू लियांग-पिंग हे दुभाषी होते. येंचिंगचे विद्यार्थी हुआंग हुआ हेही मदतीला आले. हेच हुआंग हुआ पुढे चीनचे परराष्ट्रमंत्री झाले.

पद्धत अशी होती. माओ चिनी भाषेत बोलत. दुभाषी इंग्रजीत सांगे. स्नो इंग्रजीत उतरवून घेत. त्या मजकुराचे पुन्हा चिनी भाषांतर होई, ते माओ वाचत, दुरुस्त्या करत आणि दुरुस्त मजकूर पुन्हा इंग्रजीत येई. आजच्या भाषेत सांगायचे, तर प्रत्येक आवृत्ती मुलाखत देणाऱ्याच्या मंजुरीनंतरच पुढे सरकत होती. नोंदी अचूक राहाव्यात हा एक हेतू होताच, पण काय सांगायचे आणि काय नाही यावरचे नियंत्रण माओंच्याच हाती राहिले.

माओ सुरुवातीला स्वतःबद्दल बोलायला तयार नव्हते. व्यक्ती महत्त्वाची नाही, चळवळ महत्त्वाची, असा त्यांचा पवित्रा होता. जगात तुमच्याविषयी अफवा पसरत आहेत, त्यांना उत्तर द्या, असा स्नो यांनी आग्रह धरला. मग बालपण, कडक शिस्तीचे वडील, शिक्षण, बंड अशी कहाणी बाहेर आली. माओंनी स्वतःचे आयुष्य इतक्या तपशिलात पुन्हा कधीच कोणाला सांगितले नाही. त्यामुळे त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक चरित्रकाराला बाओआनच्या त्या रात्रींकडेच वळावे लागते.

ऑक्टोबरमध्ये स्नो परतले. येताना त्यांच्या डायऱ्या आणि फिल्म असलेली पिशवी दुरुस्तीसाठी चाललेल्या मोडक्या बंदुकांच्या गोण्यांत लपवली होती. शिआनला उतरल्यावर पिशवी सापडेना. ती सुमारे ३० किलोमीटर मागे बंदुकांबरोबरच उतरवली गेली होती. रातोरात ट्रक परत पाठवून ती आणण्यात आली. दुसऱ्याच दिवशी चँग कै-शेक शिआनला येणार म्हणून रस्त्यांवर कडेकोट बंदोबस्त लागला. एका दिवसाचा उशीर झाला असता तर ती पिशवी कदाचित कधीच मिळाली नसती.

‘रेड स्टार ओव्हर चायना’मुळे काय बदलले?

स्नो यांची छायाचित्रे जानेवारी १९३७ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात झळकली. ‘रेड स्टार ओव्हर चायना’ हे पुस्तक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये आणि १९३८ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले. या कामात हेलन यांचा वाटा मोठा होता. नोंदी टंकलिखित करण्यापासून माओंची कहाणी त्यांच्याच तोंडून, प्रथमपुरुषी ठेवावी हा आग्रह धरण्यापर्यंत अनेक गोष्टी त्यांनी केल्या. १९३७ मध्ये त्या स्वतः येनानला जाऊन आणखी मुलाखती घेऊन आल्या. पुस्तकावर मात्र नाव एकट्या एडगर यांचे आले.

पुस्तकाने तीन गोष्टी केल्या. पहिली, डाकू हा शिक्का पुसला. विनोद करणारे, पुस्तके वाचणारे, सैनिकांसारखेच साधे जेवण जेवणारे नेते आणि अक्षरे गिरवणारे शेतकरी सैनिक वाचकांना भेटले. दुसरी, लाँग मार्चला महाकाव्याचे रूप मिळाले. लष्करीदृष्ट्या ती माघार होती, पण वाचकाच्या मनात ती विजययात्रा म्हणून ठसली. तिसरी, जपानशी खरे लढणारे कोण, या प्रश्नाचे उत्तर वाचकांच्या मनात बदलू लागले.

सर्वांत मोठा परिणाम खुद्द चीनमध्ये झाला. १९३८ च्या सुरुवातीला शांघायमध्ये पुस्तकाचे चिनी भाषांतर निघाले. सेन्सॉरच्या नजरेत भरू नये म्हणून त्याला पश्चिमेकडील प्रवासाची टिपणे अशा अर्थाचे निरुपद्रवी शीर्षक दिले होते. ते वाचून अनेक तरुणांनी येनानची वाट धरली. आपल्याच देशातील नेत्याची ओळख चिनी तरुणांना परदेशी पत्रकाराकडून झाली. देशातील वृत्तपत्रांची तोंडे बांधलेली असतात, तेव्हा बाहेरचा माणूस आतल्यांसाठीही बातमीदार होतो.

याच काळात महाराष्ट्राचाही एक धागा येनानशी जोडला गेला. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक पाठवले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. डॉ. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच मृत्यू पावले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ मधील चित्रपटामुळे त्यांची कहाणी घराघरांत पोहोचली. हे पथक स्नो यांच्या पुस्तकामुळे गेले असे नव्हे. पण ज्या येनानमध्ये कोटणीस गेले, ते जगाच्या नकाशावर आणण्यात त्या पुस्तकाचा वाटा होता.

पुस्तकात काय सुटले?

स्नो यांनी धडधडीत खोटे लिहिले, असा आरोप टिकत नाही. त्यांनी पाहिले आणि ऐकले ते लिहिले. अडचण वेगळी होती. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे, तर सेन्सर चांगला होता, पण तो कुठे बसवायचा हे दुसऱ्याने ठरवले होते.

चार महिने, एकच प्रदेश, यजमानांनी आखलेला दौरा आणि यजमानांचाच दुभाषी. एवढ्यावरून संपूर्ण चळवळीचे चित्र काढले गेले. १९३०-३१ मध्ये जियांग्शीत पक्षाने आपल्याच हजारो लोकांना हेर ठरवून मारले. या शुद्धीकरणाची खरी तीव्रता पुस्तकातून कळत नाही. तातू नदीवरचा साखळदंडांचा पूल गोळीबारात ओलांडण्याचा प्रसंग पुस्तकात थरारक आहे. तेथील लढाई खरोखर तेवढी मोठी होती का, यावर नंतर काही लेखकांनी शंका घेतली.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पहिल्या आवृत्तीत स्टॅलिन आणि कम्युनिस्ट इंटरनॅशनल यांच्यावर टीका होती. त्यामुळे अमेरिकी कम्युनिस्ट पक्ष नाराज झाला. स्नो यांनी नंतरच्या आवृत्तीत त्यातील काही भाग सौम्य केला. म्हणजे दबाव फक्त यजमानांकडून येत नाही, तो वाचक आणि समविचारी मंडळींकडूनही येतो.

तरीही स्नो यांना झुकते माप द्यायला एक कारण आहे. १९३६ मध्ये ते सत्तेची नव्हे, तर सत्तेने दडपलेली बाजू सांगत होते. दुसरी बाजू सांगायला अख्खी सरकारी यंत्रणा हजर होती. शिवाय धोका त्यांनी स्वतः पत्करला होता.

अमेरिकेत त्यांच्या वाट्याला काय आले?

१९४१ मध्ये राष्ट्रवादी सैन्याने कम्युनिस्टांच्या नव्या चौथ्या सेनेवर हल्ला केल्याची बातमी स्नो यांनी बाहेर पोहोचवली. चँग सरकारने त्यांची अधिकृत पत्रकार म्हणून असलेली मान्यता काढून घेतली आणि त्यांना चीन सोडावा लागला. महायुद्धाच्या काळात ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’साठी त्यांनी रशिया आणि आशियातून वार्तांकन केले. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये त्यांनी गांधीजींवर लिहिलेला लेखही याच साप्ताहिकात आला.

१९४९ मध्ये माओंनी सत्ता मिळवली आणि अमेरिकेत चीन कोणी गमावला याचा शोध सुरू झाला. मॅकार्थी काळातील संशयाच्या वातावरणात चीनविषयी सहानुभूतीने लिहिणारा प्रत्येक जण आरोपी ठरला. स्नो यांनी १९५१ मध्ये साप्ताहिक सोडले. लेख छापणारे कमी होत गेले. हेलन यांच्याशी घटस्फोट झाल्यानंतर त्यांनी १९४९ मध्ये अभिनेत्री लोइस व्हीलर यांच्याशी विवाह केला होता. १९५९ मध्ये हे कुटुंब स्वित्झर्लंडला स्थायिक झाले.

ही पार्श्वभूमी महत्त्वाची आहे. मायदेशात दारे बंद होत असताना एकच दार त्यांच्यासाठी उघडे होते, ते बीजिंगचे. दुसऱ्या कोणत्याही अमेरिकी पत्रकाराला मिळत नाही असा प्रवेश ही त्यांची शेवटची पुंजी होती. ती गमावणे त्यांना परवडणारे नव्हते.

१९६० मध्ये नेमके काय चुकले?

१९६० मध्ये स्नो पाच महिने चीनमध्ये फिरले. माओ आणि चौ दोघेही भेटले. त्या वेळी देशात माओंच्या ‘ग्रेट लीप फॉरवर्ड’मुळे ओढवलेला दुष्काळ शिगेला पोहोचला होता. सामूहिक शेती, फुगवलेले उत्पादनाचे आकडे आणि त्या आकड्यांवरून केलेली धान्यवसुली यामुळे खेडी रिकामी होत होती. १९५९ ते १९६१ या काळातील बळींचे अंदाज दीड कोटींपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत.

स्नो यांनी परतल्यावर ‘द अदर साइड ऑफ द रिव्हर’ हे जाडजूड पुस्तक लिहिले. टंचाई, रेशन आणि कुपोषण असल्याचे त्यांनी मान्य केले. मात्र जुन्या चीनमध्ये पडत असे तशा दुष्काळाचा, उपासमारीने माणसे मरण्याचा पुरावा आपल्याला दिसला नाही, असा निष्कर्ष काढला.

असे का झाले? त्यांच्या मनात दुष्काळाचे एकच चित्र पक्के होते, १९२९ च्या सारात्सीचे. रस्त्यावर प्रेते, भिकाऱ्यांचे तांडे, सडलेले देह. ते चित्र १९६० मध्ये त्यांना कुठेच दिसले नाही. दिसणार कसे? १९२९ मध्ये राज्यव्यवस्था इतकी दुबळी होती की भूक लपवणे तिला शक्यच नव्हते. १९६० मध्ये ती इतकी प्रबळ होती की भुकेलेल्यांना गावाबाहेर पडू देत नव्हती आणि पाहुण्याला त्या गावांपर्यंत पोहोचू देत नव्हती. ज्या अनुभवाने स्नो यांना डोळस केले, त्याच अनुभवाने त्यांना ३१ वर्षांनी फसवले.

दौऱ्याची पद्धत १९३६ सारखीच होती. यजमानांनी आखलेला मार्ग, यजमानांचे दुभाषी. फरक एकच पडला होता. तेव्हाचे यजमान वेढ्यात अडकलेले बंडखोर होते, आता ते ६० कोटींहून अधिक लोकांचे राज्यकर्ते होते. बंडखोरांवर ठेवलेला विश्वास स्नो यांनी राज्यकर्त्यांवरही तसाच ठेवला.

छत्रीवाल्या भिक्षूचा घोळ काय होता?

१ ऑक्टोबर १९७० रोजी, चीनच्या राष्ट्रीय दिनी, स्नो तिआनमेनच्या सज्जात माओंच्या शेजारी उभे होते. अमेरिकेशी बोलण्याची तयारी असल्याचा तो इशारा होता. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये माओंनी त्यांना सांगितले की, अध्यक्ष निक्सन पर्यटक म्हणून किंवा अध्यक्ष म्हणून, कसेही आले तरी स्वागतच आहे. पण व्हाइट हाउसमध्ये स्नो यांची गणना चीनच्या प्रचारकांत होत असल्याने हे दोन्ही इशारे तेथे नीट पोहोचलेच नाहीत. दूत जितका यजमानांच्या जवळ गेला, तितकी त्याच्या निरोपाची किंमत घटली.

याच मुलाखतीतील आणखी एक प्रसंग प्रसिद्ध आहे. माओंनी स्वतःचे वर्णन छत्री घेतलेला भिक्षू असे केले. ‘लाइफ’मधील लेखात तो गळकी छत्री घेऊन जगात एकटाच फिरणारा भिक्षू झाला. पाश्चात्त्य वाचकांना त्यात एकाकी, विरक्त वृद्ध दिसला. प्रत्यक्षात ती अर्धी म्हण होती. आपल्याकडे नाचता येईना एवढे म्हटले की अंगण वाकडे हे समोरचा समजून घेतो, तसाच हा प्रकार. भिक्षूच्या डोक्यावर केस नाहीत आणि छत्रीमुळे वर आकाश नाही. चिनी भाषेत केस आणि कायदा या शब्दांचे उच्चार सारखे आहेत. म्हणजे माओ सांगत होते की, मी ना कायदा मानतो ना दैव. सांस्कृतिक क्रांतीच्या ऐन भरात सर्वसत्ताधीशाने दिलेली ही कबुली भाषांतराच्या वाटेवर हळव्या प्रतिमेत बदलली.

असे फक्त चीनमध्येच घडले का?

नाही. रशियन क्रांतीचे दहा दिवस जगाला सांगणारे जॉन रीड अमेरिकीच होते. १९२० मध्ये मॉस्कोत त्यांचा मृत्यू झाला आणि क्रेमलिनच्या भिंतीशी त्यांचे दफन झाले. १९३२-३३ मध्ये युक्रेनमध्ये लाखो लोक उपाशी मरत असताना ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पुलित्झर विजेते मॉस्को प्रतिनिधी वॉल्टर ड्युरांटी दुष्काळ नाकारत राहिले. गॅरेथ जोन्स या तरुण वेल्श पत्रकाराने मात्र खेड्यांतून पायी फिरून खरे ते लिहिले. क्युबात फिडेल कॅस्ट्रो मारले गेल्याचे सांगितले जात होते. फेब्रुवारी १९५७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्याच हर्बर्ट मॅथ्यूज यांनी डोंगरात जाऊन त्यांची मुलाखत घेतली आणि ते जिवंत असल्याचे जगाला कळले. आपले सैन्य आहे त्यापेक्षा मोठे असल्याचा समज कॅस्ट्रो यांनी त्यांच्या मनात निर्माण केला होता.

या सगळ्यांत एक सूत्र दिसते. बंडखोराला साक्षीदार हवा असतो आणि पत्रकाराला बातमी. दोघांची गरज जुळते तेव्हा इतिहासातील मोठ्या बातम्या जन्माला येतात. बंडखोर सत्तेवर आल्यानंतरही तेच नाते तसेच चालू राहिले, तर गडबड होते.

शेवट कसा झाला आणि आज याचे महत्त्व काय?

स्वादुपिंडाच्या कर्करोगाने स्नो आजारी पडले, तेव्हा बीजिंगहून वैद्यकीय पथक स्वित्झर्लंडला आले. त्याचे प्रमुख होते जुने सोबती जॉर्ज हातेम. १५ फेब्रुवारी १९७२ रोजी स्नो यांचे निधन झाले. सहाच दिवसांनी निक्सन बीजिंगमध्ये उतरले. स्नो यांच्या अस्थींचा एक भाग पेकिंग विद्यापीठाच्या आवारात, जेथे पूर्वी येंचिंग विद्यापीठ होते, तेथील तळ्याकाठी पुरण्यात आला. १९८५ मध्ये चीनने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले.

पण गोष्ट तेथे संपत नाही. १९८९ मध्ये तिआनमेन चौकातील आंदोलन चिरडले गेल्यानंतर लोइस स्नो यांनी उघड निषेध केला. २००० मध्ये त्या चौकात मुले गमावलेल्या मातांची प्रतिनिधी असलेल्या तिंग त्झू-लिन यांना भेटण्यासाठी त्या बीजिंगला गेल्या. पोलिसांनी ती भेट होऊ दिली नाही. ज्या नावाला चीनने जुना मित्र म्हणून डोक्यावर घेतले, त्याच नावाची वृद्ध विधवा प्रश्न विचारू लागताच नकोशी झाली.

मार्च २०२१ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी यांनी नव्या युगातील अधिक एडगर स्नो हवेत, अशी अपेक्षा परदेशी पत्रकारांकडून व्यक्त केली. त्याच्या वर्षभर आधीच अमेरिकेशी सुरू असलेल्या वादात तीन मोठ्या अमेरिकी दैनिकांच्या अनेक पत्रकारांना चीनने देशाबाहेर काढले होते.

प्रश्न असा आहे की, कोणते एडगर स्नो हवे आहेत? सरकारचा वेढा ओलांडून डाकू ठरवलेल्यांची बाजू ऐकायला गेलेले १९३६ चे, की आखून दिलेल्या मार्गाने फिरून उपासमार दिसली नाही असे सांगणारे १९६० चे? माणूस एकच होता आणि दोन्ही वेळा प्रामाणिकच होता. म्हणूनच मोबाइलवर एखाद्या दूरच्या देशातील उठावाचा व्हिडिओ किंवा मुलाखत समोर येते, तेव्हा सांगणारा खरे बोलतो आहे का एवढेच विचारून भागत नाही. त्याला तेथे कोणी नेले, त्याच्यासाठी कोण बोलले आणि कोणत्या गावांकडे जाणारा रस्ता त्याला दाखवलाच गेला नाही, हेही विचारावे लागते.